पापक्षमेची पुनरावृत्ती (ख्रिस्ती धर्म)

पापक्षमेची पुनरावृत्ती हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक प्रश्न आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्याने गंभीर पाप केले, पश्चात्ताप करून क्षमा मिळवली आणि तरीही तेच पाप पुन्हा केले, तर देवाची दया त्याला आणखी किती वेळा लाभते, असा तो प्रश्न होय. खऱ्या पश्चात्तापाने येणाऱ्यास प्रत्येक वेळी क्षमा मिळते, असे आज बहुतेक ख्रिस्ती पंथ मानतात. मात्र ख्रिस्तसभेच्या व्यवहारात हे उत्तर रुजण्यास अनेक शतके लागली.

बायबलमधील आधार

निर्गम या ग्रंथात देव स्वतःला दयाळू व मंदक्रोध म्हणवतो, तो प्रसंग लक्षणीय आहे. इस्राएल लोकांनी सोन्याच्या वासराची पूजा केल्यामुळे मोशेने आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या होत्या. दुसऱ्या पाट्या देताना ही घोषणा येते. मत्तयकृत शुभवर्तमानात पेत्र येशूला विचारतो, की अपराध करणाऱ्या भावाला सात वेळा क्षमा करावी काय? येशूच्या उत्तरातील संख्येचे भाषांतर 'साताच्या सत्तरपट' किंवा 'सत्त्याहत्तर' असे दोन्ही प्रकारे होते. मोजदाद सोडावी, हा आशय दोन्हींत एकच. हा उपदेश माणसामाणसांतील क्षमेविषयी असला, तरी पुढच्याच दाखल्यात त्याचा आधार राजाने, म्हणजे देवाने, माफ केलेल्या प्रचंड कर्जात दाखवला आहे.

याउलट, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय विश्वासापासून ढळलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य असल्याचे सांगतो. कठोर मताचे लोक या वचनाचा आधार घेत.

एकच संधी

दुसऱ्या शतकातील हर्मासच्या 'मेंढपाळ' या ग्रंथात बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची एकच संधी सांगितली आहे. टर्टुलियननेही प्रारंभी हेच मत मांडले. पुढे माँटेनस पंथाकडे वळल्यावर त्याने व्यभिचारासारख्या पापांसाठी ख्रिस्तसभेकडून तीही संधी नाकारली.

प्रश्नाला खरी धार आली ती सम्राट डेसियसच्या छळात. इ.स. २५० मध्ये रोमन साम्राज्यातील रहिवाशांना देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घेणे सक्तीचे झाले. असंख्य ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी केवळ पैसे देऊन दाखला मिळवला. छळ ओसरताच हे लोक परत येऊ लागले. त्यांना सहज स्वीकारणे म्हणजे तुरुंगात राहिलेल्यांची व मारल्या गेलेल्यांची प्रतारणा, असे अनेकांना वाटणे स्वाभाविक होते. रोममधील नोव्हेशियनने त्यांना ख्रिस्तसभेचे दार बंद केले आणि तो बिशप कॉर्नेलियसचा प्रतिस्पर्धी बिशप बनला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मधला मार्ग काढला. २५१ च्या कार्थेज परिषदेत केवळ दाखला घेतलेल्यांना प्रत्येकाची चौकशी करून प्रायश्चित्तानंतर स्वीकारण्याचे ठरले. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांना समेट मृत्युसमयीच मिळणार होता. नवा छळ समोर दिसू लागताच ही अटही शिथिल झाली. नोव्हेशियनचे अनुयायी पुढेही टिकून होते. निकियाच्या परिषदेने (३२५) त्यांना परत घेण्याचे नियम केले.

तरीही सार्वजनिक प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच मिळे. ते इतके कडक असे, की अनेक जण ते मृत्युशय्येपर्यंत लांबवत.

वारंवार पापनिवेदन

बदल आला तो आयर्लंडच्या मठांतून. तेथील भिक्षूंनी खासगी आणि पुनःपुन्हा करता येणाऱ्या पापनिवेदनाची प्रथा युरोपात नेली. त्यांच्या प्रायश्चित्त-पुस्तकांत प्रत्येक पापासाठी उपवासाचे ठराविक दिवस दिलेले असत. मराठी वाचकास धर्मशास्त्रातील प्रायश्चित्तविधींची आठवण व्हावी, असाच हा प्रकार. स्पेनमध्ये मात्र तोलेदोच्या तिसऱ्या परिषदेने (५८९) पाप होईल तितक्या वेळा समेट मागण्याच्या पद्धतीचा निषेध केला होता. अखेर चौथ्या लॅटरन परिषदेने (१२१५) वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. सहा शतकांपूर्वी जे उद्धटपणाचे मानले गेले, त्याचेच आता कर्तव्य झाले होते.

आक्षेप

क्षमा अमर्याद असेल, तर पाप करण्यास मोकळीक मिळते, हा आक्षेप पौलाच्या काळापासूनचा आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात तो त्याचे ठाम खंडन करतो. मार्टिन लूथरच्या ९५ प्रबंधांपैकी (१५१७) पहिलाच विश्वासणाऱ्याचे संपूर्ण आयुष्य पश्चात्तापाचे असावे असे सांगतो. त्यामुळे पश्चात्ताप हा एकेका पापापुरता विधी उरत नाही. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर याने १९३७ मध्ये पश्चात्तापाविना दिल्या जाणाऱ्या क्षमेला 'स्वस्त कृपा' म्हटले. त्याचा रोष क्षमेच्या वारंवारतेवर नव्हता; शिष्यत्वाची किंमत न मोजता ती गृहीत धरली जाते, यावर होता.