वीजकेंद्राची राख आणि आपले रान



गेल्या महिन्याभरात शेतकी ऑफिसात पाच-सहा जणांनी आम्हाला एकच गोष्ट विचारली. औष्णिक वीजकेंद्राची राख फुकट मिळते, ट्रकवाला फक्त भाडे मागतो, तर चोपण रानात टाकू का? फुकट ते पौष्टिक म्हणतात खरे, पण ही राख येते कुठून ते आधी बघू.

५०० मेगावॅटचे केंद्र पूर्ण भाराने चालले तर चोवीस तासांत १ कोटी २० लाख युनिट वीज होते. युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरा, म्हणजे दिवसाला ८,४०० टन. अडीच हजार टनी कारखान्याला एवढा ऊस गाळायला तीन दिवस पुरायचे नाहीत! आपल्या देशी कोळशात राख ३० ते ४० टक्के. म्हणजे रोज दहा टनी ट्रकच्या तीनेकशे खेपा राख. आपल्या बगॅसमध्ये ती दोन-तीन टक्केच, तरी गळिताच्या हंगामात काजळीवरून घरच्या बायका आम्हाला बोलतातच.

राख चिमणीत अडवता येते, पण गंधकाचा धूर तसा अडत नाही. डहाणूचे उदाहरण घ्या. चिकूच्या बागांचा हा तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. तिथेच १९९५ च्या सुमारास ५०० मेगावॅटचे केंद्र चालू झाले. बागायतदार कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने पाठ सोडली नाही, तेव्हा कुठे २००७ साली समुद्राच्या पाण्याने धूर धुणारे यंत्र बसले. बारा वर्षे गेली मध्ये.

राखेचे तळे हा आणखी एक घोर. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या राखेच्या तळ्याचा बांध पावसात फुटला आणि राखेचा चिखल लोकांच्या रानात शिरला.

आता आपल्या रानाचे. राख भारी जमीन थोडी भुसभुशीत करते हे खरे, पण तिच्यात नत्र जवळजवळ नाही. बोरॉन, आर्सेनिक, शिसे यांचे अंश असतात, ते कोळशागणिक बदलतात. शिवाय पुष्कळ राख अल्कधर्मी असते. आपल्या चोपणाचा सामू आधीच साडेआठच्या वर, त्यात ही टाकून काय साधणार? सिमेंटला आणि विटांना ती जरूर जाऊ द्या. चोपणाला जिप्सम, निचऱ्याचे चर, ताग-धैंचा आणि कुजवलेले प्रेसमडच बरे.

ज्यांनी आधीच राख टाकली आहे त्यांनी लागणीपूर्वी माती आणि विहिरीचे पाणी, दोन्हींचे नमुने गट ऑफिसात आणून द्यावेत. पिशवीवर गट नंबर घालायला विसरू नये.