परसांतील लिंबाचें झाड कां वाळतें?

परसांत कागदी लिंबाचें एखादें झाड लावण्याची आवड आपल्याकडे जुनी आहे. रोप लागतें, चार-पांच वर्षांत फळावर येतें. आणि मग एके वर्षीं पानें पिवळीं पडून शेंड्याकडून फांद्या वाळूं लागतात. मालक म्हणतो, पाणी रोज मिळतें, खतही घातलें, मग उणें तें काय? आमचें उत्तर असें कीं, बहुधा त्या रोजच्या पाण्यानेंच घात केलेला असतो.

घरचें झाड बहुतेक मोरीजवळ असतें. सांडपाणी वायां जाऊं नये हा हेतु चांगला. परंतु लिंबाच्या मुळांस पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. बुंध्याशीं सदा ओल राहिली म्हणजे मातींतील बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव बळावतो. त्याचीं बीजें पाण्यांतून पोहत जाऊन सालींत व कोंवळ्या मुळांत शिरतात. जमिनीलगतची साल काळपट होऊन तडकते व तींतून डिंक गळतो. हाच डिंक्या रोग. कुजलेल्या सालीचा वेढा खोडाभोंवतीं पुरा झाला कीं झाड हातचें गेलें म्हणून समजावें. प्रस्तुत लेखकाचें एक झाड असेंच गेलें. डिंक दिसत असतां तो किड्याचा उपद्रव समजून आम्ही दोन पावसाळे स्वस्थ बसलों. तिसऱ्या उन्हाळ्यांत झाड सरपणास आलें.

उपाय खर्चाचा नाहीं. मोरीचें पाणी अळवाकडे वळवावें. झाडास दुहेरी आळें करावें: बुंध्यापासून सुमारें दीड फुटावर एक वरंबा व फांद्यांच्या घेराबाहेर दुसरा. पाणी या दोहोंच्या मध्यें सोडावें. बुंधा कोरडा राहिला पाहिजे. बुंध्यावर मातीचा ढीग चढवून साल पुरूं नये. रोगट साल धारदार चाकूनें निरोगी भागापर्यंत खरवडून जाळावी व तेथें बोर्डो मलम लावावा. 100 ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यांत, तितकाच चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरांत कालवून दोन्ही एकत्र करावीं. भांडें मातीचें किंवा प्लास्टिकचें घ्यावें. लोखंडी मुळींच नको. लोखंडी पातें मिश्रणांत बुडवून त्यावर तांबूस थर चढल्यास चुना थोडा वाढवावा. मलम त्याच दिवशीं वापरावा. पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां खोडास दोन-तीन फुटांपर्यंत तो लावीत गेल्यास रोगास आळा बसतो.

झाड हिरवेंगार असूनही फळत नाहीं, ही दुसरी तक्रार. कोणी अशा झाडास खिळे ठोकतात! वस्तुतः रोज पाणी पिणारें झाड पालाच वाढवितें. आंबे बहार हवा असल्यास डिसेंबरांत पाणी तोडावें. हलक्या जमिनींत तीन-चार आठवडे पुरतात, काळ्या भारी जमिनींत अधिक लागतात. पानें मलूल होऊन कांहीं गळूं लागलीं म्हणजे खत घालून प्रथम हलकें पाणी द्यावें. डिंक्यानें आधींच खंगलेल्या झाडास मात्र असा ताण देऊं नये.

कोंवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते; ती हातानें वेंचून मारावी, एकदोन झाडांस औषधाची गरज नाहीं. फळांवर व पानांवर खरबरीत तपकिरी फोड येतात तो खैऱ्या. पावसाच्या शिंतोड्यांनीं तो पसरतो. म्हणून रोगट डहाळ्या पावसाळ्यापूर्वींच, कोरड्या हवेंत छाटून जाळाव्या, आणि कातरी दुसऱ्या झाडास लावण्याआधीं विस्तवावर धरावी.