बोईसरचे भाडे कोणाच्या पगारातून येते?

निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीचा विनियोग कसा करावा, या विवंचनेत असलेल्या मध्यमवर्गीय गृहस्थाला गेल्या काही वर्षांत पालघर जिल्ह्याने मोठी भुरळ घातली आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून विभक्त होऊन हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या महाराष्ट्रातील स्थानकांत वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे आणि विरार यांच्या पंक्तीला बोईसर जाऊन बसले. आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, तेव्हा ७६ हजार कोटी रुपयांहून मोठा असा खर्चाचा आकडा घरोघरी पोहोचला. अशा प्रत्येक वार्तेसरशी दलालांच्या तोंडी एकच वाक्य ऐकू येते : "साहेब, आज घेऊन ठेवा, बंदर झालं की दुप्पट!" किनाऱ्यावरील मच्छीमारांनी वर्षानुवर्षे ज्याला विरोध केला ते बंदर होईल तेव्हा होईल, परंतु पुढील महिन्याच्या पाच तारखेला खात्यात जमा व्हावयाचे भाडे बंदर देत नाही आणि बुलेट ट्रेनही देत नाही. ते देतो तारापूरच्या कारखान्यात पाळीवर राबणारा कामगार, किंवा पालघरच्या कचेरीत बदलून आलेला कारकून. ज्याला घरमालक व्हावयाचे आहे त्याने इमारतीचे माहितीपत्रक उघडण्यापूर्वी या दोन माणसांची ओळख करून घ्यावी, असे माझे मत आहे.

बोईसर आणि पालघर या दोन स्थानकांत केवळ उमरोळीचे अंतर असले, तरी भाडेकरूंच्या दृष्टीने ती दोन वेगळी गावे आहेत. पालघर हे नगरपरिषदेचे, शाळा-महाविद्यालयांचे, आणि जिल्हा मुख्यालय झाल्यापासून सरकारी नोकरांचे गाव. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागल्यानंतर वसई-विरारकडे रोज जाणाऱ्या नोकरदारांनाही ते सोयीचे झाले. येथील भाडेकरू बहुधा कुटुंबवत्सल असतो, स्थानकापासून पायी किती मिनिटे लागतात हे विचारतो, आणि मुलांची शाळा बदलावी लागू नये म्हणून एकाच घरात टिकून राहू इच्छितो. बोईसरची घडण निराळी. १९६९ साली देशातील पहिले व्यापारी अणुविद्युत केंद्र तारापूरला सुरू झाले, त्याच्या कर्मचाऱ्यांची वसाहत बोईसरला झाली, आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत रसायने, औषधे, पोलाद आणि कापड यांचे कारखाने उभे राहिले. अणुकेंद्राचा कर्मचारी स्वतःच्या वसाहतीत राहतो, तो तुमचा भाडेकरू नव्हे. तुमचा भाडेकरू उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा किंवा खानदेश-मराठवाड्यातून आलेला, कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असलेला तरुण आहे, जो एक खोली तिघा-चौघांत वाटून घेतो आणि रात्रपाळी करून आल्यावर दिवसा झोपतो. त्याला तरणतलाव नको आहे. कारखान्याच्या फाटकापर्यंत सायकलने किंवा वाटणीच्या रिक्षाने जाता येईल एवढे अंतर, आणि पहाटे आंघोळीला पाणी, एवढेच त्याचे मागणे असते. सरावली, पास्थळ, खैरेपाडा या बाजूंना साध्या खोल्यांना मागणी राहते आणि शोभिवंत इमारतींतील सदनिका रिकाम्या पडलेल्या दिसतात, त्याचे कारण एवढेच आहे.

पाण्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण इमारत पाहावयास येणारा ग्राहक फरशी पाहतो, पंख्याची हुकं मोजतो आणि नळ उघडून पाहावयाचे विसरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर होते. हे अग्रस्थान भूषणावह नाही. तेव्हा ज्या इमारतीची सारी भिस्त कूपनलिकेवर आहे, तिच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतल्याशिवाय इसार देऊ नये, आणि टँकर येत असेल तर तो कोणाच्या खर्चाने, आठवड्यातून किती वेळा येतो, हे विक्रेत्याला न विचारता तेथेच राहणाऱ्या एखाद्या गृहिणीला विचारावे. अणुकेंद्राच्या निकट, सुमारे पाच किलोमीटरच्या परिघात, लोकवस्तीच्या वाढीवर नियमन असते हेही चिंचणी-तारापूरच्या बाजूस स्वस्त भूखंड पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

आता हिशेब. समजा, सर्व खर्चासह साडेतेवीस लाखांना एक लहान सदनिका पडली आणि तिला महिना साडेसहा हजार भाडे येते. वर्षातून एक महिना घर रिकामे राहणार हे गृहीत धरावेच. म्हणजे हाती आले ७१,५०० रुपये. त्यातून सोसायटीचे मासिक ८०० रुपये, म्हणजे वर्षाचे ९,६००, घरपट्टीचे सुमारे ३,००० आणि रंग, नळ, दलाली यांचे ८,००० वजा जाता उरतात ५०,९००. अर्थात शेकडा सव्वादोनच्याही आत. हीच सदनिका पंधरा लाखांचे कर्ज काढून घेतली, तर वीस वर्षांच्या मुदतीने व शेकडा नऊ दराने मासिक हप्ता साडेतेरा हजारांच्या आसपास येतो, म्हणजे भाड्याच्या दुपटीहून अधिक. भाड्यातून हप्ता फिटेल ही विक्रेत्याची भाषा या आकड्यांपुढे टिकत नाही. प्राप्तिकरात भरलेली घरपट्टी वजा जाता उरणाऱ्या भाड्यावर शेकडा तीस सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीवर प्रत्यक्ष एक रुपया खर्च केला नसला तरीही. परंतु या सवलतीने तूट भरून निघत नाही. ज्याला हप्त्याचा उरलेला भाग पगारातून किंवा निवृत्तिवेतनातून निमूटपणे भरता येईल त्यानेच कर्ज काढावे.

मोठ्या सदनिकेपेक्षा जमिनीचा तुकडा घेऊन त्यावर आठ-दहा खोल्यांची चाळ बांधली तर उत्पन्न अधिक, असा विचार कोणाच्याही मनात येतो, आणि आकड्यांच्या दृष्टीने तो चुकीचाही नाही. पण येथे आपण पालघर जिल्ह्यात आहोत याचे भान ठेवले पाहिजे. याच प्रदेशात, डहाणू, उंबरगाव, तलासरीच्या पट्ट्यात, १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जमीनदार-सावकारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. ज्यांच्या पूर्वजांची जमीन कर्जाच्या एका अंगठ्यावर गेली ते लोक आजही येथेच राहतात, आणि कायद्यालाही त्या अन्यायाची जाणीव आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्टा, यांपैकी कोणत्याही मार्गाने जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून देता येत नाही, आणि विक्रीच्या प्रकरणी राज्य शासनाची संमतीही लागते. भाडेपट्टा हा शब्द पुन्हा वाचावा. "खरेदी होत नाही ना, मग नव्व्याण्णव वर्षांचा करार करू, नोटरीसमोर कुलमुखत्यारपत्र घेऊ" असे सुचविणारे हितचिंतक भेटतात; त्यांच्या सांगण्यावरून बांधलेली चाळ ही दुसऱ्याच्या जमिनीवर स्वतःच्या पैशाने बांधलेली चाळ ठरते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या आदिवासींच्या जमिनी परत देण्यासाठी तर १९७४ साली स्वतंत्र कायदाच झाला. पालघर तालुक्यातीलही अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, तथापि कलम ३६ अ चा निर्बंध त्या क्षेत्रापुरता नाही. खातेदार आदिवासी असला की तो लागू होतो, मग गाव कोणतेही असो.

म्हणून सातबाऱ्याचा केवळ ताजा उतारा पाहून भागत नाही. त्यावरील प्रत्येक फेरफाराची नक्कल काढावी, भोगवटादार वर्ग एक की दोन हे पाहावे, इतर हक्कांच्या रकान्यात कूळ, बोजा किंवा वारसांची हरकत आहे का हे तपासावे, आणि निदान तीस वर्षांच्या दस्तऐवजांचा शोध वकिलाकडून करवून घ्यावा. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेताना १९४८ च्या कूळ कायद्याचे कलम ६३ आडवे येते. जमीन अकृषिक झालेली असली, तर त्याचा आदेश प्रत्यक्ष डोळ्यांखालून घालावा. ग्रामपंचायतीच्या हद्दीत आणखी एक गैरसमज दृढ आहे : घरपट्टीची पावती आणि नमुना ८ चा उतारा दाखवून मालकी सिद्ध झाली असे मानले जाते. ग्रामपंचायत कर वसूल करते. अनधिकृत बांधकामावरही ती तो वसूल करते. त्या पावतीने मालकी येत नाही आणि बांधकामास परवानगीही येत नाही. या तपासाला दोन महिने आणि काही हजार रुपये लागतात. घाई करणारा विक्रेता "मागे दुसरी पार्टी उभी आहे" असे म्हणेल. उभी राहू द्यावी.

सदनिका घेणाऱ्याचे काम तुलनेने सोपे. १ मे २०१७ पासून महारेरा हे गृहप्रकल्पांचे नियामक प्राधिकरण कार्यरत आहे. पाचशे चौरस मीटरहून अधिक भूखंडावरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची तेथे नोंदणी असलीच पाहिजे, आणि नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा विकासकाला अधिकार नाही. तयार इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र मागावे. "येईल लवकरच" हे उत्तर मान्य करू नये.

घर ताब्यात आले, भाडेकरूही सापडला, की मग प्रश्न येतो कराराचा, आणि येथे जुन्या भीतीचा इतिहास समजून घेतला पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला असे भक्कम संरक्षण दिले की घरमालक भाडेकरू हा शब्दच टाळू लागले आणि केवळ वापराच्या परवान्यावर राहणारे परवानाधारक ठेवू लागले. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या अशा परवानाधारकांनाही भाडेकरूंचे संरक्षण मिळाले, तेव्हा अनेकांनी घरे कुलूपबंद ठेवणेच पसंत केले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने हा पेच बराचसा सोडविला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती त्याने टाळली तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरले जाते, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी लागते या जुन्या समजुतीतून अकरा महिन्यांची प्रथा पडली, ती आजही पाळली जाते. पण अकरा महिन्यांचा करार म्हणजे नोंदणीतून सुटका, असे आता राहिलेले नाही. हा अधिनियम त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू होतो, त्यामुळे आपली मिळकत नगरपरिषदेत आहे की ग्रामपंचायतीत, आणि तिला कोणती तरतूद लागू पडते, हे स्थानिक वकिलाला अवश्य विचारावे. उत्तर काहीही आले तरी नोंदणी मात्र करावी.

कारण ती महाग नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या परवाना करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे, आणि ते संपूर्ण मुदतीचे भाडे व परत करावयाच्या अनामत रकमेवरील वार्षिक दहा टक्के यांच्या बेरजेवर मोजले जाते. आठ हजार भाडे, तीस हजार अनामत आणि अकरा महिने मुदत धरली तर बेरीज होते ९०,७५० आणि शुल्क सव्वादोनशेच्या आसपास. त्यावर नोंदणी शुल्क ग्रामीण क्षेत्रात ५०० आणि शहरी क्षेत्रात १,००० रुपये. आधारच्या अंगठ्याने हे घरबसल्याही होते, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ताटकळावे लागत नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यास द्यावी, आणि करारासह सोसायटीलाही कळवावे. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिगर-भोगवटा शुल्क आकारील. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, असा शासनाचा २००१ पासूनचा आदेश आहे, आणि तो सचिवांना विनयपूर्वक दाखवावा.

बोईसरला जी अडचण वारंवार येते ती कंत्राटदाराची. तो एकदम पाच खोल्या मागतो, तीन महिन्यांचे भाडे रोख देतो, आणि घरमालक हरखून जातो. मग करार कंत्राटदाराच्या नावे, खोलीत राहणारी माणसे दर महिन्याला निराळी, आणि एके दिवशी कारखान्यातील काम संपताच कंत्राटदार नाहीसा होतो. मागे उरतात पंधरा कामगार, ज्यांच्या मजुरीतून खोलीचे पैसे आधीच कापले गेले आहेत. अशा वेळी पाणी तोडणे किंवा वीज बंद करणे हा पहिला मोह होतो, आणि अधिनियमाचे कलम २९ नेमके त्यालाच मनाई करते. त्याहून बरे म्हणजे, कंत्राटदाराबरोबरच्या करारातच राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव, छायाचित्र आणि मूळ गावचा पत्ता जोडून घ्यावा, माणूस बदलला तर सात दिवसांत कळविण्याची अट घालावी, विजेच्या मीटरचे आकडे दोघांच्या सहीने लिहून ठेवावेत, आणि अनामत निदान दोन महिन्यांची घ्यावी. मुदत संपूनही ताबा मिळाला नाही तर कलम २४ अन्वये कोकण विभागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळण्याची तरतूदही तेथे आहे. लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जात असल्याने, त्यात ज्यांची नावेच नाहीत अशा पंधरा जणांविरुद्ध अर्ज करू पाहणाऱ्या घरमालकाला वकिलाचा पहिला प्रश्न हाच असतो की ही माणसे कोण, आणि ती तुमच्या खोलीत कोणत्या कागदाने आली.