स्वतःस विसरलेला वीर

गेल्या वैशाखांतील गोष्ट. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनीं सोसला आहे त्यांस सांगावयास नको कीं, दुपारीं बारा ते पांच या वेळांत आमच्या जठारपेठेंत रस्त्यावर चिटपाखरूं दिसत नाहीं. अशा वेळीं मुलांना घरांत कोंडून ठेवणें प्राप्त असतें, आणि कोंडलेल्या मुलांना टीव्ही लावून देणें हेंही ओघानेंच येतें. कूलरसमोर सतरंजी पसरून घरांतील चार मुलें, मी आणि माझे थोरले बंधु असे आम्ही बसलों होतों. मोठ्या नातवाला एक परदेशी ॲनिमेशनपट पाहावयाचा होता. त्याचें कथानक काय, असें मीं विचारलें.

"आजोबा, एक जबरदस्त लढवय्या आहे. पण आपण कोण, कुठले, त्याला कांहींच आठवत नाहीं. मग तो मारामाऱ्या करीत स्वतःला शोधत हिंडतो."

"तो चांगला कीं वाईट?"

"अर्धा अर्धा."

"अरे, मग हा तर आपला मारुति!" मी म्हणालों.

"मारुति कुठं काय विसरला होता?"

हा प्रश्न ऐकून मी चपापलों. हनुमान जयंती होऊन महिनाही झाला नव्हता. सुंठवडा सर्वांनीं खाल्ला होता. पण ज्याचा जन्म साजरा केला त्याची ही कथा घरांतील मुलांस ठाऊक नव्हती. दोष अर्थातच आम्हां वडीलधाऱ्यांचा. वऱ्हाडांत मारुतीची ओळख आहे ती बलोपासनेचें दैवत म्हणून. अमरावतीचें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं निघालें तेंही त्याच्याच नांवानें. परंतु या बलभीमास स्वतःच्या बळाचा विसर पडला होता, ही गोष्ट आपण क्वचितच सांगतों. म्हणून परदेशी लढवय्या बाजूस ठेवून मुलांना 'हनुमान' लावून दिला.

हा हिंदी ॲनिमेशनपट २००५ च्या ऑक्टोबरांत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक व्ही. जी. सामंत. मोठ्या मारुतीला आवाज मुकेश खन्ना यांचा. चित्रें हालविण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनीं १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' करून पडद्यावर काड्या नाचविल्या होत्या, आणि पुण्याच्या प्रभात कंपनीनें १९३४ मध्यें 'जंबूकाका' हें व्यंगचित्र काढलें होतें. हें काम किती चिकाटीचें असतें याचा हिशेब मीं मुलांकडूनच करवून घेतला. सेकंदास २४ चौकटी या मानानें दीड तासाच्या चित्रपटास १,२९,६०० चौकटी लागतात. पुष्कळदां एकच चित्र दोन चौकटींस वापरतात. तसें धरलें तरी चित्रें साठ हजारांवर जातात. आंकडा ऐकून मुलें कांहीं वेळ गप्प झालीं.

आतां कथेकडे वळूं. बालमारुतीच्या खोड्या या चित्रपटांत मोठ्या गंमतीनें दाखविल्या आहेत. वाल्मीकीच्या उत्तरकांडांत त्या याहून दांडग्या आहेत. देवांनीं दिलेल्या वरांमुळें हें पोर निर्भय झालेलें. ऋषींच्या आश्रमांत शिरून यज्ञपात्रें मोडावीं, अग्निहोत्र विस्कटावें, वल्कलें फाडावीं. केसरी व वायु दोघेही त्याला आवरीत, पण तो जुमानीत नसे. म्हणजे नातवाच्या भाषेंत 'अर्धा अर्धा'च! अखेर भृगु व अंगिरा यांच्या वंशांतील ऋषि रागावले. कवीनें तेथें मुद्दाम सांगितलें आहे कीं, त्यांचा कोप फार मोठा नव्हता. शापही तसाच बेतानें दिलेला. त्यांनीं मारुतीचें बळ हिरावून घेतलें नाहीं. त्या बळाची जाणीव तेवढी झांकून टाकली, आणि कोणी आठवण करून दिली म्हणजे ती परत यावी अशी सोयही ठेवली.

या विस्मृतीची किंमत कोणीं दिली? हा प्रश्न खुद्द रामचंद्रांनीं अगस्त्यांस विचारला आहे. एवढा समर्थ मारुति सुग्रीवाजवळ असतां वालीनें सुग्रीवास रानोमाळ कां पळविलें? अगस्त्यांचें उत्तर असें कीं, आपल्या अंगीं काय आहे हें मारुतीस ठाऊकच नव्हतें. विसरणारा एक असतो, पण त्याचें दुःख त्याच्या जवळची माणसें भोगीत असतात. हें वाक्य लिहितांना माझा हात थोडा थबकला, त्याचें कारण आतां सांगितलें पाहिजे.

माझे बंधु, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतों, ते ८१ वर्षांचे आहेत. कापसाच्या व्यापाऱ्याकडे त्यांनीं उभा जन्म हिशेब लिहिला. वर्षावर्षांची बाकी त्यांच्या जिभेवर असे. मला अमरकोश त्यांनींच शिकविला. गेलीं तीन वर्षें त्यांची स्मृति ओसरत चालली आहे. डॉक्टरांनीं निदान केलें तें अल्झायमरच्या विकाराचें. अलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्यानें १९०६ मध्यें या रोगाचें प्रथम वर्णन केलें. यांत बहुधा नवें आधीं जातें आणि जुनें मागाहून. सकाळीं जेवलों कीं नाहीं हें दादांस आठवत नाहीं. पण बाळपणींचें पाठांतर पुष्कळसें शाबूत आहे.

स्मृति ही एकच एक कोठी नव्हे, हें वैद्यकास एका दुर्दैवी माणसामुळें नीट कळलें. अमेरिकेंत १९५३ मध्यें हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूंतील हिप्पोकॅम्पस या भागाचा बराच अंश दोन्ही बाजूंनीं काढण्यांत आला. फेफरें कमी झालें, पण पुढें २००८ सालीं मरेपर्यंत नवी गोष्ट त्याच्या मनांत टिकेना. ब्रेंडा मिल्नर या बाईंनीं त्याला आरशांत पाहून चांदणी गिरविण्यास दिली. दिवसेंदिवस त्याचा हात सुधारत गेला. मात्र हें काम आपण पूर्वीं केलें आहे, याचें त्याला स्मरण नसे. माणसाला आठवत नसतें, आणि हाताला येत असतें! चित्रपटांतील लढवय्या आपलें नांव विसरूनही तलवार विसरत नाहीं, त्यांत एवढें तथ्य आहे. मात्र एका घावासरशीं सारें जावें आणि एका क्षणांत सारें परत यावें, हा कवींचा आणि चित्रपटवाल्यांचा अधिकार. दादांच्या रोगाला तसा उःशाप नाहीं, हें डॉक्टरांनीं आम्हांस स्पष्ट सांगितलें आहे.

त्या दुपारीं चित्रपट समुद्रकांठीं आला. शंभर योजनें उडी कोण मारणार? वानरवीर आपापली शक्ति सांगून थकलेले, आणि मारुति एका बाजूस बसलेला. इतक्यांत दादा हलक्या आवाजांत समर्थांचें मारुतिस्तोत्र म्हणूं लागले. एकही अक्षर न चुकतां त्यांनीं तें शेवटपर्यंत म्हटलें. माझा आनंद गगनांत मावेना. मीं घाईनें त्यांच्याजवळ सरकून विचारलें, "दादा, सांगा पाहूं, मी कोण?"

दादांचा चेहरा एकदम कावराबावरा झाला. ते माझ्याकडे, मग दाराकडे पाहूं लागले आणि धोतराचा सोगा बोटांत पिळूं लागले.

नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही मोठ्या आजोबांची परीक्षा कशाला घेतां? जांबवंतानं मारुतीला नाहीं विचारलं, सांग मी कोण. त्यानं त्यालाच सांगितलं, तू कोण तें."

छत्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसास दहा वर्षांच्या मुलानें दिलेला हा धडा आहे. तीन वर्षें मी रोज सकाळीं दादांची तोंडी परीक्षा घेत होतों. आज वार कोणता? हा कोण? ती कोण? उत्तर आलें नाहीं कीं मी कष्टी होई, आणि आपण कांहीं चुकलों एवढेंच दादांस कळे. रात्रीं मीं किष्किंधाकांड काढून पाहिलें. मुलाचें म्हणणें खरें होतें. जांबवंत आरंभीं विचारतो, तूं असा एकटा, गप्प कां बसलास? पुढें तो सांगतच जातो. तुझी माता अंजना अशी. वायूचा तूं पुत्र. सूर्याला फळ समजून तूं झेपावलास. इंद्राच्या वज्रानें तुझी हनुवटी भंगली, म्हणून तुझें हें नांव. मीही तरुणपणीं पृथ्वीला एकवीस प्रदक्षिणा घातल्या, पण आतां वृद्ध झालों, असें तो स्वतःविषयींही सांगतो. मगच मारुति वाढूं लागतो.

परदेशी लढवय्या आपला भूतकाळ एकटा शोधतो, आणि तो बहुधा तलवारीनें शोधतो. पण वाचकहो, विचार करा, आपलें बारसें आपणांपैकीं कोणास आठवतें? पहिलें पाऊल कोणत्या अंगणांत टाकलें, हें आई, आजी, आत्या यांनीं सांगितलें म्हणूनच आपणांस ठाऊक. आपल्या आयुष्याचा आरंभ दुसऱ्यांच्याच आठवणींत ठेवलेला असतो. शेवटींही तो त्यांनींच सांभाळावा, यांत नवल तें काय?

त्या दिवसापासून आमच्या घरांत दादांस 'ओळखा पाहूं' म्हणावयाचें नाहीं, असा नियम झाला आहे. मुलें पायां पडतांना आधीं सांगतात, "मोठे आजोबा, मी तुमच्या धाकट्या भावाचा नातू." वहिनी चहाचा पेला हातांत देतांना म्हणतात, "आल्याचा केला आहे, तुम्हांला आवडतो तसा." दादा कांहीं चुकीचें बोलले तर कोणी हंसत नाहीं आणि दुरुस्तही करीत नाहीं. मी रोज त्यांच्याजवळ बसून सांगतों, "दादा, मी तुमचा धाकटा भाऊ. मोर्णेला पूर आला तेव्हां तुम्ही मला खांद्यावर बसवून दाखवावयास नेलें होतें. अमरकोशाचा पाठ चुकला कीं तुम्ही मला न मारतां पुन्हां म्हणावयास लावीत असां."

दादांस माझी ओळख पटते असें नाहीं. परवां मात्र सारें ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "तुमचे दादा फार चांगले होते हो." मीं म्हटलें, "आहेत." तेव्हां ते हंसले, आणि धोतराचा सोगा त्यांनीं हातांत धरला नव्हता.