गाळणे आणि निवळणे

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत ‘गाळणे’ हे क्रियापद तीन भिन्न क्रियांना लावले जाते. चहा गाळताना चोथा गाळणीत अडतो. विघ्नहर व भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांत उसाचे ‘गाळप’ होते. तेथे ऊस पिळून रस काढणे अभिप्रेत असते. ‘दारू गाळणे’ या प्रयोगात तर वाफ थंड करून अर्क उतरवला जातो. तिन्हींत समान अंश एवढाच, की हवे ते द्रव बाहेरून कृती करून वेगळे काढले जाते.

‘निवळणे’ याची घडण निराळी आहे. हे क्रियापद अकर्मक असून द्रव स्थिर राहिल्यावर आपोआप स्वच्छ होतो, असे ते सुचवते. गढूळ पाणी स्वच्छ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बियांना ‘निवळी’ हे नाव याच अर्थाने मिळाले.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ द्राक्षमद्याची निर्मिती सुरू झाली. अशा मद्यासाठी, तसेच पांढऱ्या मद्यासाठी, पिळलेला रस यीस्ट घालण्यापूर्वी थंड करून सामान्यतः १२ ते २४ तास ठेवतात आणि तळाशी बसलेला साका मागे ठेवून वरचा रस काढून घेतात. साका अधिक राहिल्यास मद्याला गंधकाचा दर्प येऊ शकतो. उलट, रस बारीक गाळणीतून काढून अगदी नितळ केला, तर साक्याबरोबर यीस्टला आवश्यक असणारी स्निग्ध द्रव्येही जातात. यीस्ट दुबळे होते व आंबण्याची क्रिया मध्येच थांबू शकते. म्हणून रसात थोडी गढूळता मुद्दाम राखतात.

बिअरचीही गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. मोड आणून वाळवलेल्या सातूचा गोड रस हॉप्ससह उकळल्यावर त्यात प्रथिनांचा साका तयार होतो. घरी बिअर करणारा गाळणी वापरतो, तेव्हा हॉप्सचा चोथा अडतो, पण बारीक साका निसटतो. यास्तव रस गोल ढवळून स्थिर ठेवणे हितावह. साका भांड्याच्या मध्यभागी जमतो आणि कडेचा रस अलगद काढता येतो. थोडा साका आला तरी बिघडत नाही.

यास्तव मराठी कृतिपत्रिकेत ‘रस गाळून घ्यावा’ असे सरसकट लिहिणे दिशाभूल करणारे ठरेल. आंबवण्यापूर्वीच्या या टप्प्यास ‘रस निवळू द्यावा’ हाच प्रयोग यथार्थ होय.