सीटीच्या रिपोर्टवर मात्रेचा आकडाही हवा

मे 2021 मध्ये, कोरोनाची दुसरी लाट भरात असताना, दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले की एक सीटी स्कॅन म्हणजे 300 ते 400 एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या अखिल भारतीय संघटनेने लगेच हरकत घेतली: हा हिशेब तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा, आजच्या कमी मात्रेच्या स्कॅनला 5 ते 10 एक्स-रेइतकेच किरण लागतात. लोक घाबरले ते घाबरलेच. खरे तर यातला कुठलाच आकडा रुग्णाच्या उपयोगाचा नव्हता. मात्रा ठरते ती यंत्र, शरीराचा भाग आणि तंत्रज्ञाने लावलेली सेटिंग यांवर. छातीच्या नेहमीच्या सीटीला साधारण 6 मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचे एकक), कमी मात्रेच्या सीटीला दीडच्या आसपास. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी 2.4 मिळतातच. प्रश्न आहे तो ‘माझ्या स्कॅनला किती लागले?’ हा.

या प्रश्नाचे उत्तर नसले की काय होते ते हैदराबादेत दिसते. तिथे बेगम बाजाराला लागून अफझलगंजात उस्मानिया रुग्णालय आहे, पलीकडे महात्मा गांधी बस स्थानक. नांदेड-उदगीरकडची माणसे मोठ्या दुखण्याला हैदराबाद गाठतात ती फिल्मची पिशवी घेऊन. सीडी उघडली नाही, फिल्म पुसट निघाली, की स्कॅन पुन्हा काढावा लागतो आणि पहिल्याची मात्रा किती होती ते कुणालाच ठाऊक नसते. गंमत अशी की तंत्रज्ञाच्या छातीवर किरण टिपणारा बिल्ला असतो, त्यावरून त्याला मिळालेली मात्रा दर तीन महिन्यांनी मोजतात. पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये. रुग्णाला अशी मर्यादा नाही, आणि ती नसावीच. मेंदूत रक्तस्राव झालेल्याचा स्कॅन आकड्यासाठी अडवणे म्हणजे जीव घालवणे. पण मर्यादा नको म्हणून नोंदही नको, हे कुठले तर्कशास्त्र?

आकडा कळला तर लोक गरजेचा स्कॅनही टाळतील, असे काही डॉक्टर म्हणतात. भीती खोटी नाही. पण घबराट पसरली ती आकडा हाती नसताना. नऊ युरोपीय देशांतल्या सुमारे साडेनऊ लाख मुला-तरुणांचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला: सीटी झालेल्या दर 10,000 मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत एक-दोघांना त्यामुळे रक्ताचा किंवा लसीकाग्रंथींचा कर्करोग होण्याची शक्यता. गरजेच्या स्कॅनपुढे हा धोका नगण्य, विनाकारण दुसऱ्यांदा काढलेल्या स्कॅनसाठी मात्र तो फुकटचा. सीटी यंत्र त्या स्कॅनच्या मात्रेचा ‘डीएलपी’ नावाचा आकडा स्वतःच दाखवते. तो रिपोर्टवर उतरवायला वेगळा खर्च नाही. स्कॅन झाला की फिल्म आणि सीडीबरोबर तो लिहून मागा, लहान मुलाचा असेल तर आधी सेटिंग मुलांची आहे ना ते विचारा, आणि सोनोग्राफी किंवा एमआरआयवर भागेल का, हेही. त्या दोन्हींत हे किरण नसतातच.