रेणूला पडलेला पीळ

संगणकाने चुटकीसरशी नवे औषध शोधल्याच्या बातम्या आता वरचेवर येतात. सोबत देखणे चित्र असते: प्रथिनाच्या खोबणीत चपखल बसलेला छोटासा रेणू. त्यावर भाळण्याआधी एक विचारावे. तिथे बसताना रेणूला किती पीळ पडला? एमिल फिशरने 1894 मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली खरी, पण ही किल्ली तारेची असते. जागोजागी वळते आणि प्रत्येक वळणाची किंमत मोजते. एकेरी बंधाभोवती अणू मोकळेपणी फिरतात, असा जुना समज होता. इथेनसारख्या साध्यासुध्या रेणूतही या फिरण्याला सुमारे 3 किलोकॅलरी प्रति मोल एवढा अडसर आहे, हे केम्प आणि पिट्झर यांनी 1936 मध्ये दाखवले, तेही रेणू डोळ्यांनी न पाहता, निव्वळ उष्णतेच्या हिशेबातली तफावत पकडून! आकडा किरकोळ वाटेल. पण खोलीच्या तापमानाला जेमतेम 1.4 किलोकॅलरी वाया गेल्या, तरी औषधाची पकड दहापट सैल होते.

पिळामुळे येणारा हा ताण ओळखायचा कसा? माझ्या मते सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे ओल्गा केनार्ड यांनी 1965 मध्ये केंब्रिजला सुरू केलेला स्फटिकरचनांचा संग्रह. औषधशोधाच्या कौतुकात त्यांचे नाव क्वचितच निघते. आज या संग्रहात दहा लाखांहून अधिक रचना आहेत. एखादा बंध त्यांत बहुतेकदा कोणत्या कोनात दिसतो ते पाहायचे. संगणकाने सुचवलेला कोन तिथे जवळपास सापडतच नसेल, तर रेणू ताणलेला आहे असे समजायचे.

यावर आक्षेप आहे. स्फटिकात शेजाऱ्यांची दाटी असते. बायफेनिलची दोन वलये वायुरूपात सुमारे 44 अंशांनी वळलेली असतात, स्फटिकात मात्र सपाट दिसतात. म्हणजे एकटा स्फटिक फसवू शकतो. पण हजारो स्फटिकांतले शेजारी वेगवेगळे असतात, ते सगळे एकाच दिशेने कसे रेटतील? दुसरा आक्षेप अधिक वजनदार. पेरोला आणि चॅरिफसन यांनी 2004 मध्ये 150 प्रथिन-रेणू जोड्या तपासल्या. किमान दहा टक्के रेणूंवरचा ताण 9 किलोकॅलरींपेक्षा जास्त निघाला. तेव्हा ताण दिसताच रेणू बाद करणे चूक. मात्र तेवढी भरपाई पकडीतून होते का, हे तपासलेच पाहिजे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रथिनांत बसवलेल्या रेणूंच्या रचना पारखल्या, तेव्हा अनेकांत बंधांची लांबी चुकलेली, सपाट हवीत ती वलये वाकलेली आढळली. म्हणून नव्या शोधाच्या बातमीत पकडीचा आकडा छापला, तर शेजारी ताणाचाही छापावा.